अडॅप्टिव्ह सिंकचा मॉनिटर घेऊनही स्क्रीन फाटते? केबलपासून फ्रेम कॅपपर्यंत एकेक पायरी

"दादा, फ्रीसिंकवाला मॉनिटर घेतला, तरी स्क्रीन फाटतीय. परत पाठवू का?" सांगलीच्या विश्रामबागेत खोली करून राहणारी वालचंद कॉलेजची पोरं असोत की मिरजेतले गेमिंग कॅफेवाले, प्रश्न हाच असतो. फ्रीसिंक हा अडॅप्टिव्ह सिंकचाच एक प्रकार, आणि त्याने चित्र फाटू नये अशी अपेक्षा असते. माझं उत्तरही ठरलेलं आहे. खोका बांधायच्या आधी केबल कुठली लावलीय ते बघ, आणि गेममध्ये एफपीएस (सेकंदाला बनणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) किती चाललाय ते सांग. बरीचशी प्रकरणं एवढ्यावरच मिटतात. उरलेल्यांसाठी हा लेख.

एक अट आहे. खालचा क्रम मोडू नका आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. चार ठिकाणी एकदम हात घातला की कशामुळे बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या ड्रायव्हर अपडेटनंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून करत बसावं लागतं.

मुळात फाटतं कसं

मॉनिटर अख्खं चित्र एका क्षणात दाखवत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तो ते उतरवत जातो आणि खाली पोहोचला की पुन्हा वरून सुरू करतो. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० फेऱ्यांच्या रिफ्रेश रेटवर, ही एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदांची. ग्राफिक्स कार्ड मात्र आपल्या वेगाने फ्रेम बनवत असतं. समोर भिंत असली की पटापट, स्फोट झाला की रखडत. मॉनिटर अर्ध्या वाटेवर असताना कार्डाने नवी फ्रेम पुढे सरकवली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. त्यात कॅमेरा आडवा फिरत असेल तर विजेचा खांब मधोमध तुटून बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

सांगली ही नाट्यपंढरी, तेव्हा उदाहरण रंगमंचावरचंच घेऊ. नेपथ्य बदलायचं ते पडदा पडल्यावर. पडदा वर असतानाच राजवाडा ओढून जंगल आणलं तर प्रेक्षकांना अर्धा राजवाडा आणि अर्धं जंगल दिसणार. मॉनिटरच्या दोन फेऱ्यांमध्ये जो बारीकसा मोकळा वेळ असतो, तो हा पडदा. व्ही-सिंक हे जुनं सेटिंग कार्डाला बजावतं की पडदा पडेपर्यंत थांब. त्याने फाटणं थांबतं, पण तयार फ्रेम ताटकळत राहते आणि माउस जड वाटू लागतो. शिवाय ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कार्डाला ६० फ्रेम जमत नसतील, तर साध्या दोन बफरवाल्या व्ही-सिंकमध्ये एफपीएस थेट ३० वर आपटतो. अडॅप्टिव्ह सिंकमध्ये थांबायची पाळी मॉनिटरवर येते. कार्डाची फ्रेम तयार झाली की मगच तो पुढची फेरी सुरू करतो.

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक हा अडॅप्टिव्ह सिंकचा आपला प्रकार जाहीर केला तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचं वेगळं मॉड्यूल लागायचं. २०१४ मध्ये मॉनिटरची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने डिस्प्लेपोर्ट या जोडणीच्या १.२ए आवृत्तीत अडॅप्टिव्ह सिंक घातलं. त्यावर उभं राहिलेलं एएमडीचं फ्रीसिंक २०१५ मध्ये बाजारात आलं. एनव्हिडियाची जीफोर्स कार्डं अशा बिनमॉड्यूलच्या मॉनिटरशी जुळवून घ्यायला लागली ती थेट जानेवारी २०१९ पासून, आणि तेही जीटीएक्स १० मालिकेपासून पुढची. हा इतिहास इथे सांगितला, कारण तुमच्या मशीनला कोणती केबल चालेल ते यावरच ठरतं.

अजून एक गोष्ट डब्यावर ठळक छापलेली नसते. अडॅप्टिव्ह सिंक ठरावीक पट्ट्यातच चालतं. मॉनिटरच्या माहितीत '४८–१४४ हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं तो हा पट्टा. एफपीएस त्याच्या वर गेला किंवा खाली आला, की मॉनिटर पुन्हा साधा मॉनिटर होतो.

आधी रोग ओळखा

फाटणं म्हणजे चित्रात आडवी चीर, तिच्या वरचा आणि खालचा भाग एकमेकांशी न जुळणारा. बाकी सगळं वेगळं. समोरचा खेळाडू एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवत असेल तर तो इंटरनेटचा प्रश्न आहे, मॉनिटरचा नाही. चित्र अखंड आहे पण झटके देत चालतंय, तर ते अडखळणं. हलणाऱ्या वस्तूमागे सावली ओढली जात असेल तर ते घोस्टिंग, त्याचा इलाज मॉनिटरच्या मेनूतल्या ओव्हरड्राइव्ह या सेटिंगमध्ये. आणि अख्ख्या स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होत असेल तर ते फ्लिकर. फ्लिकरचा दोष आपल्याकडे लगेच व्होल्टेजवर जातो, पण त्याचं अडॅप्टिव्ह सिंकशीही एक नातं आहे, ते पुढे येईल.

तपासायला गेममध्ये एखादी उभी कड शोधा. दाराची चौकट चालेल, खांब चालेल. तिच्यासमोर उभे राहून माउस डावी-उजवीकडे एकसारखा फिरवा. चीर कुठे दिसते ते नीट बघा. ती स्क्रीनभर वर-खाली भटकत असेल, तर एक तर अडॅप्टिव्ह सिंक चालूच नाही किंवा एफपीएस पट्ट्याबाहेर गेलाय. ती फक्त अगदी खालच्या काठाजवळ अधूनमधून दिसत असेल, तर सिंक चालू आहे आणि फक्त ड्रायव्हरमधला व्ही-सिंक बंद आहे. हा फरक ओळखला की अर्धी धावपळ वाचते.

मला प्रिंट स्क्रीनचे फोटो पाठवणारे बरेच असतात. त्यात फाटणं दिसणारच नाही. प्रिंट स्क्रीन कार्डाच्या मेमरीतली पूर्ण फ्रेम उचलतो आणि फाटतं ते मॉनिटरवर उतरताना. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा. त्यात उजेडाचे पट्टे दिसले तर ते कॅमेऱ्याचे आहेत, तिकडे दुर्लक्ष करा. चित्र तुटतंय का तेवढंच बघायचं.

पायरी १: वायर

टेबलाखाली वाका. ग्राफिक्स कार्ड घातलेलं असूनही केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असलेली मशीन मी अजूनही बघतो. कॅबिनेटच्या मागे वर, यूएसबीच्या शेजारी उभे असलेले पोर्ट मदरबोर्डचे. त्याच्या खाली आडव्या पट्टीवर असतात ते कार्डाचे. केबल खालीच हवी.

आता केबलचा प्रकार. मॉनिटरच्या खोक्यात पुष्कळदा एचडीएमआयचीच केबल येते, लोक तीच लावतात, आणि इथेच जीफोर्सवाल्यांचा घोळ होतो. एचडीएमआयवरून चालणारं फ्रीसिंक ही एएमडीची स्वतःची पद्धत आहे. जीफोर्स कार्ड ती ओळखत नाही. जीफोर्सला एचडीएमआयवर एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर (व्हेरिएबल रिफ्रेश रेट, अडॅप्टिव्ह सिंकचंच दुसरं नाव) लागतं, म्हणजे जीटीएक्स १६, आरटीएक्स २० किंवा पुढचं कार्ड आणि तसा पोर्ट असलेला मॉनिटर. परवडणाऱ्या मॉनिटरमध्ये तो अनेकदा नसतो. म्हणून जीफोर्स असेल तर सरळ डिस्प्लेपोर्टची केबल आणा. एएमडीच्या रेडिऑन कार्डवाल्यांना एचडीएमआय चालून जाईल, पण काही मॉनिटरवर एचडीएमआयचा पट्टा डिस्प्लेपोर्टपेक्षा अरुंद असतो, तेव्हा त्यांनीही शक्य असेल तर तेच करावं.

केबल दीड-दोन मीटरची, व्हेसाने प्रमाणित केलेली घ्या. लांबलचक स्वस्त केबलने स्क्रीन मध्येच सेकंदभर काळी होते आणि लोकांना वाटतं कार्ड गेलं. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट असलेले कन्व्हर्टर या कामासाठी घेऊच नका. चित्र येतं, पण अडॅप्टिव्ह सिंक त्यातून सहसा पलीकडे पोहोचत नाही.

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडणाऱ्यांची गोष्ट जरा किचकट. बाजूचा एचडीएमआय पोर्ट काही मॉडेलमध्ये जीफोर्सला जोडलेला असतो, काहींत इंटेल किंवा एएमडीच्या अंगच्या ग्राफिक्सला. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स' हे पान उघडलं की कोणता डिस्प्ले कोणत्या चिपला जोडलाय त्याचं चित्रच दिसतं. मॉनिटर अंगच्या ग्राफिक्सखाली दिसत असेल तर जी-सिंकचं पान कितीही शोधलंत तरी सापडणार नाही. यूएसबी-सीचा पोर्ट डिस्प्लेपोर्ट देत असेल तर त्यातून जोडून बघा. लॅपटॉपला मक्स स्विच, म्हणजे डिस्प्ले कोणत्या चिपला जोडायचा ते ठरवणारी सोय, असेल तर थेट जीफोर्सचा मोड निवडून रीस्टार्ट करा.

पायरी २: मॉनिटरचा स्वतःचा मेनू

मॉनिटरच्या मागचं किंवा खालचं बटण दाबून मेनू उघडा. फ्रीसिंक, अडॅप्टिव्ह सिंक किंवा व्हीआरआर, कंपनीप्रमाणे नाव वेगळं. कारखान्यातून ते बंद ठेवून आलेले मॉनिटर भरपूर आहेत. तो पर्याय फिकट दिसत असेल आणि निवडता येत नसेल तर दोन गोष्टी बघा. एक, एमपीआरटी किंवा हलतं चित्र स्वच्छ करणारा असाच एखादा मोड चालू आहे का. तो बॅकलाइट लुकलुकवून काम करतो आणि बहुतेक मॉनिटरमध्ये अडॅप्टिव्ह सिंकबरोबर चालत नाही. दोन, डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर ठेवलीय का. १.२ किंवा वरची करा.

काही मेनूंत फ्रीसिंकचे दोन दर्जे असतात, साधा आणि विस्तारित. विस्तारितमध्ये पट्टा रुंद असतो, तो निवडा. त्याने फ्लिकर सुरू झालं तर परत साध्यावर या.

पायरी ३: विंडोज

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. इथे रिफ्रेश रेट ६० दिसला तर नवल नाही. १४४ चा मॉनिटर घेऊन कित्येक महिने ६० वर खेळणारी मंडळी आहेत. मॉनिटरचा सर्वात वरचा आकडा निवडा. केबल किंवा ड्रायव्हर बदलला की हे पान पुन्हा तपासायचं, कारण विंडोज गुपचूप ६० वर येऊ शकतं.

त्याच भागात ग्राफिक्सच्या पानावर 'व्हेरिएबल रिफ्रेश रेट'चं बटण असेल तर चालू करा. विंडोज ११ मध्ये खिडकीत चालणाऱ्या गेमसाठी ऑप्टिमायझेशनचं बटण आहे, तेही.

पायरी ४: ड्रायव्हर

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सेट अप जी-सिंक' उघडा. जी-सिंक चालू करा आणि 'विंडो आणि फुल स्क्रीन' हा पर्याय घ्या, कारण आज बरेच गेम बॉर्डरलेसमध्येच, म्हणजे स्क्रीनभर पसरलेल्या बिनचौकटीच्या खिडकीत, उघडतात. खाली तुमचा मॉनिटर निवडून त्याच्यापुरतं सेटिंग चालू करण्याची वेगळी चौकट असते. एनव्हिडियाने स्वतः तपासून यादीत न घेतलेल्या मॉनिटरला ती हाताने टिक करावी लागते. ही चौकट राहून जाणं हे नेहमीचं. मग 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये मॉनिटर टेक्नॉलॉजी 'जी-सिंक कम्पॅटिबल' आहे ना तेवढं बघा. एनव्हिडियाच्या नव्या अ‍ॅपमध्येही ही सेटिंग्ज मिळत्याजुळत्या नावांनी सापडतील.

रेडिऑनवाल्यांनी अ‍ॅड्रेनालिन या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर फ्रीसिंक चालू करावं आणि ग्राफिक्सच्या पानावर एन्हान्स्ड सिंक बंद ठेवावं. इंटेल आर्कच्या सॉफ्टवेअरमध्येही अडॅप्टिव्ह सिंकचं बटण असतं.

आता खरंच चालू झालं का? मॉनिटरच्या मेनूत रिफ्रेश रेट दाखवणारा आकडा असेल तर तो स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडा ठेवून गेममध्ये जा. आकडा ९७, ११२, १०४ असा नाचत असेल तर सिंक चालू आहे. एफपीएस बदलतोय आणि हा मात्र १४४ वर गोठलेला, तर चालू नाही, पायरी १ वर परत जा. जीफोर्सवर कंट्रोल पॅनेलच्या 'डिस्प्ले' मेनूत जी-सिंकचा इंडिकेटर चालू करता येतो. मग गेममध्ये कोपऱ्यात ती अक्षरंच उमटतात.

पायरी ५: फ्रेम कॅप, म्हणजे मुख्य औषध

इथवर सगळं बरोबर असूनही चीर दिसतेय, तर पंचाण्णव टक्के लोकांप्रमाणे तुमचाही एफपीएस मॉनिटरच्या वर पळतोय, असं मी डोळे झाकून म्हणेन. पंचाण्णव हा आकडा माझा अंदाजपंचे, पण रोख खरा. व्हॅलोरंटसारखा हलका गेम बऱ्या कार्डावर २५०-३०० फ्रेम सहज देतो. मॉनिटर १४४ च्या वर जाऊ शकत नाही. तिथे अडॅप्टिव्ह सिंकचा संबंध संपतो आणि जुनं फाटणं परत येतं. म्हणून महाग कार्डवाल्याचं जास्त फाटतं आणि जुन्या कार्डवाल्याचं छान चालतं, असं उलटं चित्र दिसतं.

इलाज सोपा आहे. एफपीएसला मॉनिटरच्या थोडं खाली लगाम घाला. ढोबळ नियम तीन फ्रेम कमी. ७५ ला ७२, १०० ला ९७, १४४ ला १४१, १६५ ला १६२. बरोबर १४४ का नाही? कारण एफपीएस ही सेकंदाची सरासरी. त्यातल्या एखाद्या फ्रेमला ६.५ मिलिसेकंद लागतात, एखाद्या फ्रेमला ७.३. साडेसहावाली फ्रेम मॉनिटरच्या ६.९ च्या मर्यादेपेक्षा लवकर येऊन धडकते आणि चीर पाडते. तीन फ्रेमची सवलत दिली की अशा घाईच्या फ्रेमही पट्ट्यातच राहतात. २४० हर्ट्झसारख्या मॉनिटरवर फ्रेममधलं अंतर इतकं कमी असतं की तीनची सवलत तोकडी पडते, तिथे २२५-२३० वर या. ज्या गेममध्ये एनव्हिडिया रिफ्लेक्स हे माउसचा उशीर कमी करणारं सेटिंग आहे तिथे जी-सिंक, ड्रायव्हरमधला व्ही-सिंक आणि रिफ्लेक्स तिन्ही चालू केलं की तो स्वतःच असा लगाम लावतो, १४४ वर साधारण १३८ आणि २४० वर २२४. तिथे वेगळा कॅप लावायची गरज नाही.

कॅप कुठे लावायचा? गेमच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर तिथेच, कारण तिथे लावलेल्या कॅपने माउसचा उशीर सर्वात कमी राहतो. नसेल तर एनव्हिडियाच्या 'मॅक्स फ्रेम रेट'मध्ये किंवा रेडिऑनच्या फ्रेम रेट टार्गेट कंट्रोलमध्ये. रिव्हाट्यूनर हे फुकटचं साधनही उत्तम आहे. पण तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे लावून ठेवू नका. ते एकमेकांच्या पायात येतात आणि फाटण्याऐवजी अडखळणं सुरू होतं. काही गेममध्ये मेनूसाठी, मागे टाकलेल्या खिडकीसाठी आणि नेहमीसाठी असे वेगवेगळे कॅप असतात. 'नेहमी'वाला बघा, नाहीतर मेनूत १४१ आणि सामन्यात ३०० असा प्रकार होतो.

मग व्ही-सिंकचा प्रश्न. यावर कट्ट्यावर हमखास भांडण होतं. माझं मत स्पष्ट आहे: ड्रायव्हरमध्ये चालू, गेममध्ये बंद. 'व्ही-सिंकने लॅग येतो' हे खरं, पण एफपीएस मॉनिटरच्या कमाल मर्यादेला टेकलेला असतो तेव्हाचं. कॅप लावल्यावर तुम्ही मर्यादेखालीच असता, त्यामुळे व्ही-सिंकला फ्रेम अडवून ठेवायची वेळच येत नाही. तो फक्त चुकारपणे लवकर आलेली एखादी फ्रेम सांभाळतो. स्क्रीनच्या खालच्या काठाशी दिसणारी ती चीर याच बटणाने जाते. जीफोर्सवर 'व्हर्टिकल सिंक' ऑन, रेडिऑनवर 'वेट फॉर व्हर्टिकल रिफ्रेश' ऑलवेज ऑन.

एनव्हिडियाच्या डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन, म्हणजे खऱ्या फ्रेमच्या मध्ये जादा फ्रेम तयार करणारी सोय, वापरत असाल तर गेममधला साधा कॅप बेभरवशाचा ठरतो, कारण मधल्या फ्रेम नंतर भरल्या जातात. तिथे रिफ्लेक्स आणि ड्रायव्हरमधला व्ही-सिंक या जोडीवर सोडा.

स्पर्धा खेळणारी काही पोरं मुद्दाम सगळं बंद करून ३०० फ्रेमवर खेळतात. फ्रेम ताजी मिळते, माउस हलका वाटतो, आणि इतक्या फ्रेमवर चिरा बारीक होतात. कळून-सवरून करत असाल तर माझी हरकत नाही. पण मग फाटतंय म्हणून तक्रार करू नका.

पायरी ६: पट्ट्याच्या खाली घसरल्यावर

ही अडचण स्वस्त मॉनिटरवाल्यांची. ७५ हर्ट्झच्या फ्रीसिंक मॉनिटरचा पट्टा बऱ्याचदा ४८ ते ७५ असतो. एफपीएस ४५ वर आला की व्ही-सिंक बंद असेल तर फाटतं, चालू असेल तर अडखळतं. रुंद पट्ट्याच्या मॉनिटरवर याला उत्तर आहे, त्याला एलएफसी म्हणतात. ३० फ्रेम येत असतील तर ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर ६० वर चालवतो. पण त्यासाठी पट्ट्याचं वरचं टोक खालच्याच्या किमान दुप्पट लागतं. हिशोब करा. १४४ भागिले ४८, तिप्पट, प्रश्न नाही. १०० भागिले ४८, दुपटीला जेमतेम टेकतं. ७५ भागिले ४८, दीडपट, तिथे एलएफसी मिळणार नाही. नवीन घेताना ७५ आणि १०० मध्ये थोड्याच पैशांचा फरक असेल तर १०० घ्या असं मी म्हणतो ते यामुळे.

७५ वाला आधीच घेतलाय त्यांनी गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमधल्या सावल्या, प्रतिबिंबं, धुकं कमी करून एफपीएस ५५ ते ७२ च्या मध्ये बसवायचा. सरासरी ५० असून चालत नाही, कारण मारामारीच्या क्षणी तो ४० वर उतरतो, आणि बघण्यासारखं तेव्हाच सगळं घडत असतं.

एप्रिल-मेच्या दुपारी 'सकाळी बरं होतं, आता फाटतंय' असा फोन आला तर मी आधी तापमान विचारतो. बाहेर चाळीस अंश, खोलीला पत्रा, कॅबिनेट भिंतीला चिकटून. कार्ड तापलं की वेग आपोआप कमी करतं, एफपीएस पट्ट्याखाली जातो आणि दोष मॉनिटरवर येतो. धूळ काढा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. लॅपटॉपवाल्यांचं कारण आणखी वेगळं असतं. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट हे बॅटरी वाचवणारं सेटिंग गेमला ३० फ्रेमवर आणू शकतं. ७५ च्या मॉनिटरवर ३० म्हणजे पट्ट्याच्या खूपच खाली. लाइट येईपर्यंत थांबा किंवा ते बंद करा.

हट्टी केसेस

एकाच गेममध्ये फाटतंय आणि बाकीच्यांत नाही, तर त्या गेममध्ये फुल स्क्रीन आणि बॉर्डरलेस अशी अदलाबदल करून बघा. जुन्या गेममध्ये खरा फुल स्क्रीन बरा चालतो. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर दुसऱ्याची केबल काढून एकदा खेळा. एका मॉनिटरवर गेम आणि शेजारी ६० हर्ट्झवर व्हिडिओ, यातून कधी कधी गडबड होते. तीच असेल तर खेळताना व्हिडिओ बंद. स्क्रीनवर चढणारे आकडे, चॅट, रेकॉर्डिंग असे ओव्हरलेही एकेक करून बंद करून पाहा.

गेम नसताना, नुसत्या डेस्कटॉपवर खिडकी ओढताना चीर दिसतेय? विंडोज डेस्कटॉप सिंक करूनच दाखवतं, त्यामुळे इथे संशय ड्रायव्हरवर. सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवा टाका. नवा आधीच असेल आणि त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर एक आवृत्ती मागे जा.

आता ते फ्लिकर. व्हीए आणि ओलेड या प्रकारच्या पॅनेलवर एफपीएस झपाझप वर-खाली झाला की रिफ्रेश रेटही तसाच नाचतो आणि काळपट दृश्यांत, लोडिंगच्या पडद्यावर उजेड थरथरतो. एलएफसी चालू-बंद होण्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे ४८ च्या आसपास, हे जास्त दिसतं. स्टॅबिलायझर आणून हे जात नाही. एफपीएस स्थिर ठेवणारा कॅप हाच पहिला उपाय. कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी या साधनाने पट्ट्याचं खालचं टोक थोडं वर सरकवणं हा दुसरा, पण जमत असेल तरच. चुकलं तर स्क्रीन काळी राहते आणि सोबतची रीसेट फाइल कुठे आहे ते आधीच माहीत असावं लागतं.

कन्सोलवाल्यांसाठी थोडक्यात. पीएस ५ ला व्हीआरआर एप्रिल २०२२ च्या अपडेटने मिळालं आणि त्याला एचडीएमआय २.१ चं व्हीआरआरच लागतं. फक्त फ्रीसिंक असलेल्या मॉनिटरवर ते चालू होत नाही. एक्सबॉक्सची सिरीज एस आणि एक्स मात्र फ्रीसिंकही ओळखतात. त्यामुळे मॉनिटर तोच असून एका मित्राकडे चालतं आणि दुसऱ्याकडे नाही, यात गूढ काही नाही.

मॉनिटर खरंच बिघडलाय का

एक साधी कसोटी. दोष गेममध्येच दिसतो की मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूवर आणि मशीन सुरू होतानाच्या बायोसच्या पडद्यावरही दिसतो? रेघ एकाच जागी कायम, मेनूवरूनही जाणारी, तर ते पॅनेल. नाहीतर मॉनिटर उचलून मित्राच्या मशीनला, त्याच्या केबलने जोडा आणि वरच्या पायऱ्या तिथे करून बघा. तिथेही तसंच असेल तरच वॉरंटीचा विचार.

ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते पहिल्याच दिवशी बघा आणि हे सगळं तपासणं त्या मुदतीत उरका. नंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं दार, आणि ते सांगलीत नसेल तर कोल्हापूर किंवा पुणे. तक्रार नोंदवताना स्लो मोशनचा व्हिडिओ, बिल आणि मागच्या स्टिकरवरच्या सिरीयल नंबरचा फोटो तयार ठेवा. व्हिडिओत मॉनिटरचा मेनू उघडा ठेवून रिफ्रेश रेट दिसू द्या, म्हणजे 'आधी सेटिंग तपासा' असं सांगून ते तुम्हाला परत पाठवणार नाहीत. मूळ खोका आणि आतलं थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर असू द्या. साध्या पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवलेलं पॅनेल वाटेत तडकलं, तर ते वॉरंटीत बसत नाही.